न भेटलेल्यांची प्रेमकथा: ‘द लंचबॉक्स’

रितेश बत्राचा २०१३ चा हा सिनेमा राहिला असेल तर जरूर बघा. डबेवाल्यांकडून सहसा न होणारी चूक होते आणि इलाने (निम्रत कौर) नवऱ्यासाठी पाठवलेला डबा निवृत्तीला आलेल्या साजन फर्नांडिसच्या (इरफान खान) टेबलावर पोचतो. मग डब्यातून चिठ्ठ्यांची ये-जा सुरू होते.

एकदाची भेट ठरते. इला कॅफेत ताटकळते. साजन येतो, लांबूनच तिला बघतो आणि न भेटताच परततो. कारण? त्याच सकाळी बाथरूममध्ये त्याला आजोबांसारखा वास आलेला असतो. म्हातारपणाचा, स्वतःच्याच!

अख्ख्या सिनेमात दोघं एकमेकांशी प्रत्यक्ष एक शब्दही बोलत नाहीत. तरी हुरहुर लागते ती लागतेच. शेवट दिग्दर्शकाने मोकळा सोडलाय. माझ्या मते भेटले नसावेत. तुम्हाला काय वाटतं?