पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्ती मिशन

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या श्रद्धेचा विचार त्यांच्या दुःखापासून वेगळा काढून करता येत नाही. कारण दुष्काळात आईवडील आणि पुढे भाऊ व पती गमावलेल्या या संस्कृत विदुषीने १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणारा जलसंस्कार, घेतला, तेव्हा पतित मानलेल्या स्त्रियांनाही सन्मानाने जवळ करणारी तेथील ख्रिस्ती भगिनींची सेवा त्यांच्या मनावर ठसली होती. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन ही निवासी शाळा काढली. मात्र ती पुढे पुण्याला हलवल्यावर विद्यार्थिनींवर ख्रिस्ती प्रभाव पडत असल्याच्या आक्षेपावरून तेथे मोठा वाद झाला. १८९६–९७च्या दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रिया व मुली पुण्याजवळच्या केडगावी आल्या आणि तेथे मुक्ती मिशन उभे राहिले, ज्याच्या कृपासदनात लैंगिक शोषणाला बळी पडलेल्या स्त्रियांना आसरा मिळे. शिक्षण, शेती, विणकाम आणि छपाई यांमुळे या स्त्रिया केवळ आश्रित न राहता कामकरी झाल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेला बायबलचा मराठी अनुवादही याच मिशनच्या छापखान्यात छापला गेला. येथे श्रद्धेने भूतकाळ पुसला नाही. त्याला श्रमाची आणि सेवेची दिशा दिली.