लिंबाच्या बागेतील राखणदार

कला शाखेच्या विद्यार्थ्याने किडामुंगीवर लेख का लिहावा, असे काही वाचकांना वाटेल. उत्तर साधे आहे. माझी कॉलेजची फी लिंबाच्या पट्टीतून भरली जाते. आपला कर्जत तालुका अवर्षणाचा. थोड्या पाण्यावर तग धरणारे कागदी लिंबू हा इथल्या कितीतरी घरांचा आधार आहे. त्यातही हस्त बहर साधला, तर उन्हाळ्यात चार पैसे जास्त मिळतात. हा बहर किडींनी खाल्ला, तर वर्षाचा हिशेबच कोलमडतो.

झाडाला कोवळी पालवी फुटली, की किडींची पंगत बसते. नागअळी पानाच्या पापुद्र्यात शिरून चांदीसारख्या नागमोडी रेषा काढते. सिला ही इवलीशी कीड कोवळ्या शेंड्यांतील रस शोषते आणि ‘ग्रीनिंग’ हा घातक रोगही पसरवते. फुलपाखराची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचल्यास तांबडी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. ही पाने कुरतडून फांद्या बोडक्या करते.

परंतु याच झाडावर आपले राखणदारही राबत असतात. ढालकिडे व त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. क्रायसोपाची अळी मऊ अंगाच्या किडी पकडून त्यांचा रस शोषते. ट्रायकोग्रामा ही टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी फुलपाखराच्या अंड्यातच आपले अंडे घालते. त्यातून अळीऐवजी गांधीलमाशीच बाहेर पडते. टॅमॅरिक्सिया नावाची तिची भावकी सिलाच्या पिलांवर वाढते.

मग फवारणी केल्यावरही कीड पुन्हा उसळते, ती का? नागअळी पानाच्या आत सुरक्षित असते, पिठ्या ढेकूण मेणाच्या आवरणाखाली दडलेला असतो. पानोपानी शिकार शोधत हिंडणारा मित्रकीटक मात्र विषात सापडतो. शिवाय किडीची वीण झपाट्याने वाढते. भक्षकाची वाढ तिच्या मागून होते. तेवढ्या अवधीत किडीला रान मोकळे मिळते. आपण या विषाला ‘औषध’ म्हणतो, हा शब्दाचा खेळ भाषेच्या अभ्यासकांनीही विचारात घ्यावा!

पिठ्या ढेकणाचा शत्रू क्रिप्टोलेमस हा ढालकिडा 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या तंतूंनी झाकलेली असते. त्यामुळे तिलाच पिठ्या ढेकूण समजून चिरडले जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे: ही अळी ढेकणापेक्षा मोठी असते आणि चपळपणे चालते.

दुसरे उदाहरण पपईचे. 2008 मध्ये पपईवरील पिठ्या ढेकूण तमिळनाडूत आढळला व पुढे महाराष्ट्रातही पोहोचला. फवाऱ्यांना तो दाद देईना. 2010 मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाई ही सूक्ष्म गांधीलमाशी आणून सोडली आणि ही कीड पुष्कळ आटोक्यात आली.

आमच्या बागेत मी फवारणीपूर्वी काही झाडांचे शेंडे उलटसुलट पाहतो. शेंड्यांवर ढालकिडे भरपूर असतील, तर थांबतो. कीड वाढतच असेल, तर आधी निंबोळी अर्क वापरतो. खोडावरून चढणाऱ्या मुंग्यांकडेही लक्ष ठेवतो. कारण पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट स्रावासाठी त्या त्याची राखण करतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात. बांधावरची फुलणारी कोथिंबीर, बडीशेप उपटू देत नाही, कारण गांधीलमाश्यांना तेथे मध मिळतो.

फवारणी कधीच करू नये, असे मी म्हणणार नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला धीर धरणे कठीण जाते, हे मी घरातच पाहतो. पण पंप खांद्यावर घेण्याआधी झाडावर कोण कोण आहे, एवढे तरी पाहावे. शत्रू आणि मित्र यांची पारख ज्याला साधली, त्याचा खर्चही वाचेल आणि बागही.