ग्रँड कॅनियन : खडक, नदी आणि माणसे

‘नदी आपल्या पात्राची झीज करते’ हे वाक्य विद्यार्थी पाठ म्हणतात. परंतु त्याचा अर्थ त्यांच्या मनावर ठसतोच असे नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅनियन या घळईचे उदाहरण त्या दृष्टीने फार उपयुक्त आहे.

कोलोरॅडो नदीने कोरलेली ही घळई सुमारे ४४६ किलोमीटर लांब असून काही ठिकाणी २९ किलोमीटरपर्यंत रुंद व १.८ किलोमीटरहून अधिक खोल आहे. येथे १९१९ साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. बहुतेक प्रवासी दक्षिण काठावर येतात. तेथून समोरच्या कड्यात तांबडे, पिवळसर व करडे थर एकावर एक रचलेले दिसतात. टणक खडकांचे उभे कडे आणि मऊ खडकांचे उतार यांमुळे जणू पायऱ्याच पडल्या आहेत. ब्राइट एंजल पायवाटेने खाली उतरणारा प्रवासी अधिकाधिक जुन्या काळात शिरतो. काठावरील चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, तर तळाचा खडक सुमारे १७५ कोटी वर्षांचा आहे.

खडक जुना म्हणून घळईही तितकीच जुनी, असा विद्यार्थ्यांचा समज होण्याचा संभव असतो. वस्तुतः पठार उंचावल्याने नदीचा वेग वाढला व वाळू-गोट्यांच्या घर्षणाने तिने हे खोदकाम मुख्यतः गेल्या ५० ते ६० लाख वर्षांत केले, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.

१८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल यांनी नावांतून या घळईचा प्रवास केला. ते पूर्वी शिक्षक होते व युद्धात त्यांनी उजवा हात गमावला होता. त्यांचे धैर्य अवश्य सांगावे. मात्र त्यांनी घळई ‘शोधली’ असे सांगू नये. हावासुपाई लोक तेथे शतकानुशतके राहत होते. १८८२ साली त्यांना एका लहानशा राखीव क्षेत्रापुरते मर्यादित करण्यात आले व पठारावरील त्यांची शिकारीची भूमी गेली. १९७५ च्या कायद्याने सुमारे १,८५,००० एकर जमीन त्यांना परत मिळाली. घळईतील त्यांच्या सुपाई गावास मोटाररस्ता नाही. टपाल खेचरांवरून जाते. निसर्गाचे वर्णन करताना तेथील माणसे वगळली, तर भूगोल अपुराच राहतो.

धड्यापूर्वी विद्यार्थ्यांना गावच्या ओढ्याची दरड दाखवावी. गाळ, वाळू व गोटे यांपैकी कोणता थर आधी साचला, आणि ओढ्याने ते थर साचण्यापूर्वी कापले की नंतर, हे त्यांनाच विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता आले, त्याला ग्रँड कॅनियन समजली.