बोटीचा बोजा

पहाटे 5.30

जूनमध्ये हर्णैत लवकर उठून करायचं काय? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. आमची बोट आंजर्ल्याच्या खाडीत शाकारून ठेवलेली, खलाशी आपापल्या गावी गेलेले. बंदरावर लिलावाचा ओरडा नाही, बर्फाची गाडी नाही, डिझेलची उधारी नाही. चालू असतो तो फक्त कर्जाचा हप्ता. 29,784 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला. समुद्र उघडा आहे की बंद, हे त्याच्या गावी नसतं.

तरी उठले. आज दापोलीला जायचं होतं.

सकाळी 7

घरातला बोटीचा हिशेब माझ्याकडे. नवरा तांडेल चांगला, पण कागद दिसला की त्याला जाळ्याची आठवण होते. पाच-सहा वर्षांपूर्वी नवं इंजिन आणि बोटीची बांधणी यासाठी एका खासगी फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं, 13.5 टक्क्यांनी, तेही कायम दराने. बँकांनी तेव्हा उभं केलं नव्हतं. आता मुद्दल 11 लाख उरलंय (वरचे सुटे सोडून देते) आणि हप्ते 48.

मे महिन्यात एक एजंट घरी आला. चहा पिऊन म्हणाला, “वहिनी, बँकेत फिरवा कर्ज. साडेदहा टक्क्यांत करून देतो.”

सासूबाईंनी विचारलं, “तीन टक्के म्हणजे किती गो?”

वहीत काढून दाखवलं. हप्ता 28,164 होतो. महिन्याला 1,620 वाचतात, चार वर्षांत 77,760. सासूबाई म्हणाल्या, मग थांबलीस कशाला? मीही तेच म्हणत होते, पण एजंट खर्चाचं काही बोलला नव्हता.

10.15

कंपनीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. आधीच अर्ज टाकून ठेवला होता, म्हणून कर्जफेडीचं पत्र तयार मिळालं. एक पानी पत्र. वर आमचं नाव, खाली चार ओळी. मुद्दल 11,00,000. मुदतीआधी कर्ज फेडण्याचा आकार 3 टक्के, म्हणजे 33,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, 5,940. शेवटी बारीक अक्षरात: रक्कम जमा होईपर्यंत रोज 407 रुपये व्याज.

त्या 407 वर मी बोट ठेवलं. नव्या बँकेने पैसे पाठवायला दहा दिवस लावले तर चार हजार तिथेच गेले. हे कोणी सांगत नाही, कारण हे ‘फी’ या शब्दात बसत नाही.

मी म्हटलं, “रिझर्व्ह बँकेने हा आकार बंद केलाय ना?”

काउंटरवरचा मुलगा हुशार होता, चिडला नाही. म्हणाला, “ताई, नियम 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना. आणि तोही बदलत्या दराच्या. तुमचं जुनं आणि कायम दराचं.” घरकर्जवाल्यांना ही सूट कधीच मिळाली होती. धंद्यासाठी कर्ज घेणारे मात्र इतकी वर्षं त्यातून वगळलेलेच होते. बोट म्हणजे धंदा. आम्ही तिला घरातलं माणूस धरतो, पण कागदावर ती धंदाच.

11.45

बँकेत गर्दी. पेन्शनवाले आजोबा, खताच्या पावत्या घेऊन आलेले शेतकरी. साहेबांनी ‘मुख्य तथ्य पत्रक’ समोर ठेवलं. ऑक्टोबर 2024 पासून हे द्यावंच लागतं. कर्जावरचे सगळे आकार धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते त्यात छापलेलं असतं. 10.5 च्या जागी तिथे मोठा आकडा दिसला. कर्ज घ्यायला जाल तर आधी हे पान मागा, कॅलेंडर आणि डायरी नंतर.

प्रोसेसिंग फी 1 टक्का, 11,000, जीएसटीसह 12,980. बोटीचं मूल्यांकन करणाऱ्याचे 4,130. करारनामा, स्टॅम्प, नोटरी मिळून 5,800. तारणाची केंद्रीय नोंद 118 रुपये, एवढा एकच आकडा वाचून मला हसू आलं.

मग साहेबांनी ड्रॉवरमधून आणखी एक कागद काढला. कर्जदाराचा जीवनविमा, एकरकमी 21,000, कर्जातच धरता येईल.

“सक्ती आहे का साहेब?”

“सक्ती नाही. पण सगळे घेतात.”

“बोटीचा विमा आहे. यांचाही आहे. नको.”

ते वाईट वाटून न घेता म्हणाले, “मग असं करू, मुदत सात वर्षं करू. हप्ता 18,547 वर येतो. महिन्याला अकरा हजार सुटतील.”

खरं सांगते, क्षणभर मन हललं. अकरा हजारांत बंदीच्या दोन महिन्यांचं घर चालतं. मोबाईलवर गुणाकार केला. 18,547 गुणिले 84 म्हणजे 15,57,948. आत्ताच्या हप्त्याने उरलेली चार वर्षं भरले तर 14,29,632. दर तीन टक्क्यांनी उतरूनही सव्वा लाखाच्या वर जास्त. हप्ता हलका होतो, कर्ज जड होतं.

एक गोष्ट मात्र साहेबांची आवडली. बंदीचे दोन महिने सोडून वर्षाला दहा हप्ते बांधून देता येतील म्हणाले. हे कुणीतरी आम्हाला पहिल्या कर्जाच्या वेळी सांगायला हवं होतं.

2.00

एसटी स्टँडसमोर वडापाव, आणि वहीच्या मागच्या पानावर बेरीज. 38,940 अधिक 12,980 अधिक 4,130 अधिक 5,800 अधिक 118. झाले 61,968.

वाचणार होते 77,760. हातात उरतात 15,792, तेही चार वर्षांत मिळून. महिन्याला तीनशे एकोणतीस रुपये. शिवाय जामीनदार म्हणून दिराची सही पुन्हा लागणार, तो मुंबईत ससून डॉकला. नोंदणीच्या कागदावरचा बोजा उतरवून नवा चढवायचा, बोटीच्या विम्यावर कंपनीच्या जागी बँकेचं नाव घालायचं. दापोलीच्या फेऱ्या किती, ते कुठल्याच पत्रकात नाही. आणि 21,000 चा विमा घेतला असता तर सरळ तोटाच होता.

वर पाऊस सुरू झाला. वही पिशवीत घातली.

3.30

परत कंपनीत. आता हातात बँकेचं पत्रक होतं, त्याने फरक पडला. सकाळचा मुलगा उठून आत गेला, मॅनेजर बाहेर आले, खुर्ची दिली. सकाळी खुर्ची नव्हती.

मी म्हटलं, “हे बघा, जायचं तर जाते. पण तुमच्याकडे पाच वर्षांत एकही हप्ता चुकलेला नाही. दर किती उतरवता?”

त्यांनी वरच्या ऑफिसला फोन लावला. चाळीस मिनिटं बसले. भिंतीवर ‘आमचे ग्राहक, आमचं कुटुंब’ असा फलक होता, तो पाठ झाला. शेवटी 12 टक्के मिळाले. दर बदलून देण्याचा आकार अर्धा टक्का, 5,500, जीएसटी धरून 6,490. मूल्यांकन नाही, जामीनदाराची सही नाही, बोजा जागच्या जागी.

नवा हप्ता 28,967. महिन्याला 817 कमी, चार वर्षांत 39,216. आकार वजा जाता 32,726. साडेदहा टक्क्यांच्या बँकेत उरत होते त्याच्या दुप्पट.

ही गंमत मला तरी आधी सुचली नव्हती. मी दर शोधत फिरत होते, आणि पैसे होते जिथे आहे तिथेच घासाघीस करण्यात. माशांच्या लिलावात जे रोज करते ते कर्जाच्या ऑफिसात करायची लाज वाटत होती, एवढंच. अर्थात आमचे 48 हप्ते उरलेत म्हणून हे गणित असं बसलं. एखाद्याचे 84 उरले असतील आणि मुदतीआधी फेडीचा आकार नसेल तर त्याने बँकेतच जावं. प्रत्येकाने आपली बेरीज आपण करावी.

दहा हप्त्यांचंही विचारलं. त्याला मॅनेजर ‘नाही’ म्हणाले. ते दुखणं राहिलंच.

संध्याकाळी 6.30

घरी आले तेव्हा नवरा पडवीत जाळं सांधत बसलेला. मान वर न करता म्हणाला, “झालं फिरवून?”

“नाही फिरवलं. उतरवून आणलं.”

त्याने सुई थांबवली, आकडा विचारला, मान हलवली. मग म्हणाला, आठशे रुपयांत काय होतं? मी म्हटलं, तुझ्या विड्या.

एजंटाचा फोन दोनदा येऊन गेला होता.

रात्री 9

वहीत नवं पान घातलं. पुढचा हप्ता 5 जुलै, रुपये 28,967. बोट 1 ऑगस्टला उतरेल.