मरून दोरा चॉकलेटी का दिसतो?

मागच्या शाबानची गोष्ट. रमजानच्या आधी शिवणकामाची गर्दी असते. अम्मी रात्री अकरा-बारापर्यंत मशीनवर बसत होत्या. एके सकाळी शेजारच्या इमारतीतल्या बाई साडी परत घेऊन आल्या. “खाला, जरा खिडकीपाशी येऊन बघा. साडी मरून आणि फॉलचा दोरा चॉकलेटी लागलाय.” अम्मींनी पाहिले, तर खरेच तसे होते. रात्री तोच दोरा त्यांनी साडीवर ठेवून दोनदा पडताळला होता, तेव्हा तो अगदी जुळत होता. फॉल उसवून पुन्हा लावून दिला, पैसे घेतले नाहीत. त्या महिन्यात असे तीन वेळा झाले. अम्मींनी मनात धरले की आता आपले डोळे गेले, काम बंद करावे लागणार. आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. ते म्हणाले, “वयाच्या मानाने नजर छान आहे. शिवता कुठल्या उजेडात, ते सांगा.”

आमचे घर अंधेरी पूर्वेला, मरोळला. समोरची इमारत इतकी जवळ की खिडकीतून खरा उजेड सकाळी दहा-अकरापर्यंतच येतो. पुढे दिवसभर एलईडी ट्यूब. ट्यूब वीस वॅटची, पांढरीशुभ्र, दुकानदाराने ‘कूल डेलाइट’ म्हणून दिलेली. उजेड भरपूर होता. दोष कशात आहे हे कळायला आम्हाला बरेच दिवस लागले.

पांढऱ्या एलईडीच्या आत मुळात निळा दिवा असतो. हा निळा एलईडी ज्यांनी घडवला त्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या दिव्यावर पिवळसर रसायनाचा थर देतात. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरे वाटते, पण स्वस्त दिव्याच्या त्या पांढऱ्यात गडद लाल फार थोडा असतो. मरून कापड लाल उजेड परतवते म्हणून मरून दिसते. उजेडातच लाल नसेल तर ते परतवणार काय? मग मरून आणि चॉकलेटी सारखेच दिसू लागतात आणि सकाळी खिडकीपाशी पुन्हा वेगळे होतात.

हे मोजण्याचे एक माप आहे, सीआरआय. उन्हात किंवा जुन्या पिवळ्या बल्बखाली रंग जसे दिसतात तसे दिसले तर शंभर. बाजारातले साधे एलईडी ऐंशीच्या आसपास असतात. पण या मापात एक गोम आहे. ते आठ फिकट रंगांची सरासरी काढून ठरवतात आणि गडद लाल त्या आठांत येतच नाही. त्याचे माप वेगळे, आर-9. म्हणजे दिवा ऐंशी गुण मिळवून पास होतो आणि लालमध्ये सपशेल नापास असू शकतो. खोक्यावरच्या ‘डेलाइट’ किंवा 6500 केल्विनचा याच्याशी संबंध नाही. तो आकडा उजेड निळसर की पिवळसर एवढेच सांगतो.

5 जानेवारी 2015 ला सरकारची उजाला योजना आली आणि एलईडी बल्ब घरोघरी स्वस्तात पोहोचला. वीजबिल उतरले, ते चांगलेच झाले. पण तेव्हापासून आपण सगळेच दिवा घेताना वॅट आणि किंमत विचारतो. रंगाचे विचारायचे असते हे आमच्याही ध्यानीमनी नव्हते.

आमचा पहिला प्रयत्न फसला. जवळच्या दुकानातून बारा व्होल्टची पाच मीटर पट्टी आणली आणि थेट प्लायवर चिकटवली. तिचे शेवटचे टोक मंद, कारण लांब पट्टीत व्होल्टेज उतरत जाते. गरम होऊन डिंक सुटला आणि महिन्याभरात पट्टी लोंबू लागली. रंग पूर्वीसारखाच. पैसे पाण्यात.

दुसऱ्यांदा मात्र मेट्रो आणि लोकलने ग्रँट रोड गाठले आणि लॅमिंग्टन रोडला गेलो. जाताना अम्मींनी एका पिशवीत मरून, चॉकलेटी, नेव्ही ब्लू आणि काळ्या दोऱ्याची रिळे दिली. हा सल्ला आम्ही प्रत्येकाला देऊ. पहिल्या दोन दुकानांत “वॉर्म पाहिजे की कूल?” याच्या पुढे गाडी सरकेना. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी मात्र विचारले, “नव्वदच्या वरचा पाहिजे? कशाला, शूटिंगला?” आम्ही म्हटले, “नाही चाचा, अम्मीच्या मशीनला.” त्यांनी पट्टी लावून दाखवली. आम्ही रिळे तिच्याखाली धरली, मग रस्त्यावर नेऊन उन्हात धरली. मरून दोन्हीकडे मरूनच. कागदावर सीआरआय 95 आणि आर-9 वेगळा छापलेला होता. किंमत साध्या पट्टीच्या जवळपास दुप्पट.

घेतले ते असे. चोवीस व्होल्टची, 4000 केल्विनची पट्टी, मीटरला चौदा वॅट. एकेक मीटरचे दोन तुकडे, म्हणजे अठ्ठावीस वॅट. ड्रायव्हर छत्तीस वॅटचा, कारण तो काठोकाठ चालवला तर तापतो आणि लवकर जातो. त्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक पाहून घेतला. पट्टी या वेळी अॅल्युमिनियमच्या खाचेत बसवली. ती उष्णता ओढून घेते आणि वरचे दुधी झाकण डोळ्यावर तिरीप येऊ देत नाही. खाच मशीनच्या समोर, माळ्याच्या काठाखाली लावली. जुनी ट्यूब पाठीमागे होती, त्यामुळे अम्मींच्या डोक्याची सावली बरोबर सुईवर पडायची.

चोवीस व्होल्टची बाजू आम्ही स्वतः जोडली. भिंतीतल्या 230 व्होल्टला मात्र हात लावला नाही, वायरमनला बोलावले. ड्रायव्हर बंद कपाटात कोंबू नका, त्याला हवा लागते. शेवटी मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचा व्हिडिओ काढला. पट्टे सरकताना दिसले तर दिवा लपलपतो आहे असे समजावे. तासन्‌तास तशा उजेडात बसले की डोके दुखू शकते. आमच्या दिव्याचे चित्र स्वच्छ आले.

पहिल्या रात्री अम्मींनी दोऱ्यांचा सगळा डबा उपसला. लाल म्हणून ठेवलेल्या रिळांत दोन केशरी आणि एक राणी रंगाचे निघाले. नेव्ही ब्लू आणि काळे वेगळे झाले. मुलीने तिचे रंगीत तजवीदचे कुरआन तिथे आणून उघडले आणि म्हणाली, “दादी, इथे लाल अक्षर लालच दिसतंय.” आता तिचा सबक त्याच कोपऱ्यात होतो आणि मशीनसाठी दोघींत वेळ वाटून घ्यावी लागते.

एक गोष्ट आम्हाला उगाच कळली. काही मटणाच्या दुकानांत लालसर बल्ब लावतात, त्याखाली शिळे मटणही ताजे दिसते. अम्मी हल्ली पिशवीतले मटण आधी त्या दिव्याखाली पाहतात आणि मगच पातेल्यात टाकतात. स्वयंपाकघरात अजून जुनाच बल्ब आहे. तिथे ओट्याच्या वर एक मीटर पट्टी लावायची आहे, पण वाफ आणि तेलकटपणा असतो, म्हणून पूर्ण बंद झाकणाची खाच हवी. ती मिळाली की चाचांकडे पुन्हा जाऊ. रिळांची पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेलीच आहे.