मोबाइलवरून विहिरीची मोटार

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण हळद आठ-नऊ महिन्यांचं, पाण्यावरचं पीक, आणि कृषिपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीत मोटार चालू करायला शेतात जायचं म्हणजे विंचूकाट्याचं भय. शहरात स्मार्ट होम दिवे-पंख्यांपुरतं असेल. इथे त्याची खरी गरज विहिरीवर आहे.

त्यासाठी मोटारीच्या स्टार्टरला एक डबी जोडतात, तिच्यात सिमकार्ड असतं. फोन लावला की डबी तो उचलते, ठरलेलं बटण दाबलं की मोटार चालू. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे उपकरण याच तत्त्वावरचं. चांगली डबी करंटही पाहते: विहीर आटून मोटार कोरडी फिरू लागली की करंट घसरतो आणि डबी मोटार बंद करते. माझ्या मते पैसे मोजायचे ते याच सोयीसाठी.

डबीचा नंबर फोनच्या होम स्क्रीनवर थेट ठेवता येतो. मग घरातल्या आजीलाही एका बोटात तो लावता येतो. आयफोनच्या ‘शॉर्टकट्स’मधून ठरल्या वेळी एसएमएस आपोआप जातो, मात्र डबी एसएमएस मानणारी हवी.

वीज येताच मोटार उठवणारा साधा ऑटोस्विच टाळावा. सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की रोहित्रावर भार येतो, कधी ते जळतंही. वीज आल्यावर किती मिनिटं थांबायचं हे डबीत ठरवता येत असेल, तर शेजाऱ्यांनी ती मिनिटं आपसांत वेगवेगळी लावून घ्यावीत. डबीत नंबर फक्त घरच्यांचे नोंदवा, आणि सिमचा रिचार्ज संपू देऊ नका.