महाडहून परतताना पिशवीतला पुतळा सुखरूप घरी यावा म्हणून

२० मार्च जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून महाडला जाण्याची तयारी सुरू होते. कोणी एस.टी.ने निघतात, कोणी वर्गणी काढून टेम्पो ठरवतात, तर कोणी कोकण रेल्वेने वीर स्टेशनला उतरून मिळेल त्या वाहनाने चवदार तळे गाठतात. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तेथे अभिवादन करून झाले की आपली पावले आपोआप पुस्तकांच्या आणि पुतळ्यांच्या दुकानांकडे वळतात. मुलांसाठी पुस्तके, भिंतीसाठी तसबीर आणि जमले तर प्लास्टरचा एक लहानसा पुतळा. घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे त्यासाठीच असतात.

पुढे बारा तासांचा हिसक्यांचा प्रवास. घरी येऊन पिशवी उघडावी, तर बाबासाहेबांचे वर उचललेले बोटच मोडलेले! आई गप्प होते, मुले हिरमुसतात. तुटलेला पुतळा दर्शनी ठेववत नाही आणि टाकून तर अजिबात देववत नाही. भगिनींनो, हे टाळता येते. त्यासाठी जादा पैसे लागत नाहीत आणि पिशवीचे वजनही वाढत नाही.

वस्तू फुटते कशी, ते आधी पाहू. धक्का एकाच बिंदूवर आणि एका क्षणात बसला की वस्तू तडकते. तोच धक्का मऊ वस्तूतून आला तर त्याला थोडा जास्त वेळ लागतो, तो जास्त जागेवर पसरतो आणि त्याचा जोर कमी होतो. आपल्या कोकणात ही गोष्ट शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक आहे. हापूसच्या पेटीत भाताचा पेंढा उगाच घालत नाहीत. पेंढा हलका असतो, पण त्याच्या काड्यांमध्ये हवा असते. ती हवाच आंब्याला सांभाळते. दुकानात मिळणारा फुगऱ्यांचा प्लास्टिक कागदही याच तत्त्वावर चालतो. अमेरिकेत १९५७ साली दोघांनी तो भिंतीला लावायचा शोभेचा कागद म्हणून बनवला होता. भिंतीवर तो चालला नाही, सामान बांधायला मात्र जगभर गेला.

तेव्हा आपला पेंढा कोणता? आपण नेलेले कपडेच. टॉवेल, चादर, मुलांचे स्वेटर, मोजे हे सामान आपण नेणारच असतो. ते एका बाजूला आणि नाजूक वस्तू दुसऱ्या बाजूला अशी पिशवी भरली, की कपड्यांचा उपयोग फुकट जातो.

पुतळा बांधताना आधी त्याचे बाहेर आलेले भाग पाहावेत. बोट, नाक आणि चष्म्याची कड आधी तुटते. एक मोजा गुंडाळून उचललेल्या हाताखाली आणि दुसरा मानेभोवती बसवावा. खळगे असे भरले की पुतळ्याचा आकार एकसारखा गोल होतो आणि बोटावर एकट्यावर भार येत नाही. मग त्यावर टॉवेल गुंडाळावा. बोटाला सुतळीने घट्ट आवळू नये, त्याच जागी ते तुटते. ही गुंडाळी सॅकच्या मधोमध, पाठीच्या बाजूला उभी ठेवावी. तळाशी ठेवली तर सॅक खाली टेकवताना आपटते. बाहेरच्या कप्प्यात ठेवली तर गर्दीत दबते.

तसबिरीचे वेगळे. काच वाकली की तडकते, म्हणून तिला पाठीशी कडक आधार हवा. आपण घेतलेली पुस्तके येथे कामाला येतात. एका बाजूला पुस्तक, दुसऱ्या बाजूला पुस्तक, मध्ये तसबीर. काचेवर वर्तमानपत्र घालावे आणि चौकटीला दोरी बांधावी. सॅकमध्ये ती आडवी न ठेवता पाठीला समांतर उभी ठेवावी. दोन काचेच्या वस्तू एकमेकींना कधीही लागू देऊ नयेत.

सगळे भरून झाले की सॅक उचलून एकदा हलवावी. आत खडखड ऐकू आली तर बांधणी कच्ची आहे. रिकाम्या जागेत साडीची घडी किंवा ओढणी सरकवावी. कपडे संपले असतील तर दुधाची धुतलेली पिशवी थोडी फुगवून तोंड बांधून घालावी. आतल्या हवेचे वजन जाणवण्याइतके नसते. अनेकजण महाडहून पुढे रायगडावर जातात. तेथे चौदाशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि पाठीवरचे पावशेरही वर जाईतो जाणवते.

पुतळा नवा आणता येईल, पण म्हाताऱ्या माणसांच्या दोन वस्तू अशा आहेत की त्या गेल्या तर तो दिवसच जातो. एक चष्मा, दुसरी औषधे. चष्मा कडक डबीत ठेवावा. डबी नसेल तर रुमालात गुंडाळून पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या छोट्या डब्यात घालावा. तो डबा सॅकच्या वरच्या भागात असावा. ज्यांना इन्सुलिन घ्यावे लागते, त्यांची बाटली एस.टी.च्या इंजिनाजवळ किंवा उन्हात ठेवू नये. मार्चच्या उन्हात ती तापते आणि औषधाचा गुण कमी होतो. बर्फाला थेट लावू नये, गोठले तरी ते निकामी होते. कपड्यांच्या मधोमध, मांडीवरच्या पिशवीत ती बरी राहते. किती दिवस चालेल ते बाटलीवरील सूचना वाचून आणि आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

हे शहाणपण पावसाळ्यात आणखी उपयोगी पडते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथे दरडी आल्या. अशा वेळी घर सोडायला काही मिनिटेच मिळतात. म्हणून पावसाळ्याआधी एक पिशवी भरून दाराशी टांगावी. रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांच्या गुणपत्रिका, बँकेचे पुस्तक हे सारे दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक घालून तोंड पिळून बांधावे. चष्मा, औषधे आणि एक टॉवेल सोबत असावा. मोबाईल वेगळ्या छोट्या पिशवीत गुंडाळावा. तो भिजलाच तर लगेच बंद करावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

पुढच्या वेळी महाडला निघताना एक मोजा जास्त घ्यावा. पुतळ्याच्या त्या बोटाखाली तो लागेल.